प्रोसेस तेवढ्याच, पण फ्री मेमरी घटते: नेटवर्क बफर मोजायचे कुठे?

कातळसडा

यंत्र रत्नागिरीत आहे. चार जीबी रॅम, चार कोर, डेबियन १२, कर्नल ६.१. जयगड, देवगड, मालवण आणि वेंगुर्ला इथल्या एआयएस (जहाजांनी रेडिओवरून आपली जागा सांगण्याची यंत्रणा) रिसीव्हरांकडून जहाजांची वाक्यं यूडीपी पोर्ट १०११० वर येतात. एक प्रोग्रॅम ती एकत्र करून टीसीपीवरून पाहणाऱ्यांना वाटतो. पाहणारे बहुतेक मोबाइलवर, त्यातले बरेच ट्रॉलरवरचे तांडेल. वाटप सेकंदाला साधारण १०० वाक्यांचं, एक वाक्य सरासरी ८० बाइटचं.

अडचणी दोन. पहाटे पाच ते सात या वेळात मोकळी मेमरी तीनशे एमबीने खाली येते आणि आठपर्यंत आपोआप परत वर जाते. त्या वेळात प्रोसेसांची आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये धरलेली मेमरी) वाढत नाही, पेज कॅश (फाइलींची कॅश) वाढत नाही, स्लॅबही (कर्नलच्या स्वतःच्या लहान वस्तूंचा साठा) १४० एमबीवरून फार हलत नाही. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कधीमधी 'टीसीपी: आउट ऑफ मेमरी, कन्सिडर ट्यूनिंग टीसीपी_मेम' येतं. दुसरी अडचण अशी की वेंगुर्ल्याची लाइन तुटून परत जोडली की यूडीपीचा रिसीव्ह-बफर-एरर हा आकडा उडी मारतो.

फ्री आणि टॉपमध्ये यातलं काहीच दिसत नाही. कर्नल नेटवर्कसाठी किती मेमरी धरून बसलंय ते कुठे पाहायचं? (आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, यंत्रावर अर्थातच रोमन.)

हापूसबाग

ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा, मोकळं होईल.

दीपस्तंभ

नाही होणार. ड्रॉप_कॅशेस फक्त पेज कॅश आणि परत घेता येण्याजोगा स्लॅब, म्हणजे डेंट्री-आयनोड वगैरे, सोडतं. सॉकेटच्या रांगेतला डेटा समोरच्याची पोच येईपर्यंत किंवा प्रोग्रॅमने वाचेपर्यंत कर्नलला टाकताच येत नाही. उलट चांगली गरम कॅश जाईल आणि डिस्क बोंबलेल.

कातळसडा, नेटवर्कची मेमरी एका खात्यात नसते, म्हणून ती सापडत नाही. चार ठिकाणं धरा.

पहिलं, नेटवर्क कार्डाच्या रिंगमधली पानं. ड्रायव्हर चालू होताना ती भरतो आणि तेवढीच ठेवतो. एथटूल -जी (लहान जी) चालवून रिंगची लांबी पाहा. ४ रांगा गुणिले २५६ गुणिले २ केबी म्हणजे २ एमबी, तुमच्या यंत्रावर एवढंच निघेल. मोठ्या सर्व्हरवर १६ रांगा आणि ४०९६ लांबी असेल तर तोच हिशेब १२८ एमबीवर जातो, आणि पाकिटामागे अख्खं ४ केबीचं पान धरणारा ड्रायव्हर असेल तर २५६ वर. ही पानं मेमइन्फोच्या कुठल्याच ओळीत येत नाहीत. लोक तीच शोधत बसतात. पण तुमची मेमरी पहाटे वाढते आणि आठला उतरते. रिंग अशी भरती-ओहोटीसारखी वागत नाही, ती सोडून द्या.

दुसरं, स्लॅब. पाकिटाचं शीर्षक-स्ट्रक्चर एसकेबफ_हेड_कॅशमध्ये, टीसीपी पाठवण्याचं एसकेबफ_एफक्लोन_कॅशमध्ये. स्लॅबटॉप -ओ चालवलं की दिसतात. लहान पाकिटांचा डेटा केमॅलॉक-५१२, केमॅलॉक-१के अशा सामायिक खणांत जातो, तिथे तो नेटवर्कचा आहे असं नाव लिहिलेलं नसतं.

तिसरं, आणि तुमचं बहुधा हेच, टीसीपीच्या पाठवायच्या रांगेतला डेटा. सेंड केलं की कर्नल तो डेटा पेज-फ्रॅगमध्ये उतरवतं; म्हणजे बहुतेक वेळा ३२ केबीचा सलग तुकडा घेऊन त्यात एकापाठोपाठ भरत जातं. ही पानं थेट पेज अ‍ॅलोकेटरकडून येतात. स्लॅबमध्ये फक्त शीर्षकं, मजकूर बाहेर. म्हणून तुमचा स्लॅब हलला नाही आणि फ्री मात्र गेलं.

चौथं, क्यूडिस्क, म्हणजे कार्डाकडे जाण्याआधी पाकिटं थांबतात ती रांग. त्यावर खाडीपलीकडे लिहितीलच.

तिसऱ्याचा एकूण आकडा /प्रॉक/नेट/सॉकस्टॅट मध्ये आहे. पहाटे सहाला त्यातली टीसीपीची ओळ आणि सिसकंट्रोल नेट.आयपीव्ही४.टीसीपी_मेम, दोन्ही इथे टाका.

कातळसडा

आज सकाळी ६.१० ला:

टीसीपी: इनयूज ९६, ऑर्फन ३, टीडब्ल्यू ११, अ‍ॅलॉक १०४, मेम ७८०००
टीसीपी_मेम: ४६४०४ ६१८७५ ९२८०८

७८००० बाइट म्हणजे काहीच नाही की!

दीपस्तंभ

बाइट नव्हेत, पानं. एक पान ४ केबी, म्हणजे ७८००० गुणिले ४, सुमारे ३०५ एमबी. तुमचे हरवलेले तीनशे इथे आहेत.

याच फाइलीत खाली फ्रॅगच्या ओळीतला मेमरी आकडा मात्र बाइटमध्ये असतो. एकाच फाइलीत दोन मापं. कुणाची कल्पना होती देव जाणे.

टीसीपी_मेमचे तिन्ही आकडेही पानांत. कर्नल बूट होताना मोकळ्या पानांचा सोळावा भाग मधल्या आकड्याला देतं, पहिला त्याच्या पाऊणपट, तिसरा पहिल्याच्या दुप्पट. म्हणजे तुमच्या यंत्रावर २४२ एमबीला दाब सुरू होतो आणि ३६२ एमबीला दार बंद. तुम्ही दाबाच्या वर आहात. एनस्टॅट -एझेड मध्ये टीसीपी-मेमरी-प्रेशर्स हा आकडा वाढलेला असेल, आणि डीमेसगमधली ओळ ज्या दिवशी आली त्या दिवशी तिसरा आकडा गाठला गेला असणार.

पाटवर

एक सुधारणा. कर्नल ६.० पासून हा हिशेब प्रत्येक कोरवर थोडा थोडा साठवून मग एकदम मुख्य आकड्यात ओततात. दर कोरला १ एमबीपर्यंत फरक पडू शकतो. चार कोर, म्हणजे चार एमबी इकडेतिकडे. तीनशेच्या हिशेबात नगण्य, पण कुणी लहान यंत्रावर पन्नास पानांचा फरक शोधत बसलं असेल तर व्यर्थ शोधतंय.

कोणत्या सॉकेटने किती धरलंय ते पाहायला एसएस -टी -ए -एन -एम. प्रत्येक जोडणीखाली एसकेमेम नावाचा कंस येतो. त्यातली अक्षरं:

आर: आलेला, अजून न वाचलेला डेटा. आरबी: त्याची मर्यादा.
टी: खाली कार्डाकडे सोपवलेला, अजून कार्डाने न सोडलेला. टीबी: पाठवण्याची मर्यादा.
एफ: सॉकेटने आगाऊ घेऊन ठेवलेलं.
डब्ल्यू: टीसीपीच्या पाठवायच्या रांगेत असलेलं सगळं.
ओ: पर्यायांसाठी. बीएल: बॅकलॉग. डी: या सॉकेटवर टाकलेली पाकिटं.

इथे जो तो 'टी' बघतो, शून्य दिसलं की पुढे जातो. मेलेल्या जोडणीत 'टी' शून्यच असतं, कारण कार्डाने पाकीट केव्हाच सोडून दिलेलं असतं. पोच आलेली नसते म्हणून ते 'डब्ल्यू'मध्ये बसून असतं.

कातळसडा

डब्ल्यूप्रमाणे क्रम लावला. वरच्या चाळीसेक जोडण्या सगळ्या एस्टॅब्लिश्ड, प्रत्येकीचं डब्ल्यू ७० ते ८० लाखांच्या मधे. टी सगळीकडे ०. टीबी सगळ्यांचं ८३८८६०८.

दीपस्तंभ

टीबी ८३८८६०८? हे आपोआप आलेलं नाही. टीसीपी_डब्ल्यूमेमची नेहमीची कमाल ४१९४३०४ असते, आणि स्वयंचलित वाढ गर्दी-खिडकीच्या (पोच न येता एका वेळी किती पाठवायचं त्या मर्यादेच्या) प्रमाणात होते. मोबाइलच्या बारीक लाइनवर ती लाखाच्या आसपास घुटमळते. प्रोग्रॅमने एसओ_सेंडबफ मध्ये ४ एमबी मागितलेत आणि कर्नलने नेहमीप्रमाणे दुप्पट केलेत. पण नेट.कोर.डब्ल्यूमेम_मॅक्स मुळात २१२९९२ असतं, त्याच्यावर मागणी कापली जाते. म्हणजे तोही कुणीतरी वाढवलाय.

कातळसडा

होय. सिसकंट्रोलच्या फाइलीत 'वेग वाढवा' अशा एका नुस्ख्यातल्या ओळी आहेत. आरमेम_मॅक्स आणि डब्ल्यूमेम_मॅक्स दोन्ही ४१९४३०४. प्रोग्रॅममध्येही ४ एमबीची मागणी आहे.

खाडीपलीकडे

कातळसडा, तांडेलांच्या बोटी बंदरातून सुटतात पाच ते सातच्या दरम्यान ना? आणि जून-जुलैत ही अडचण होती का?

कातळसडा

नव्हती. १ ऑगस्टनंतरच.

खाडीपलीकडे

मग झालं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, म्हणून तेव्हा शांत. आता फोनवर नकाशा उघडा ठेवून बोट सुटते आणि खाडीच्या तोंडाबाहेर गेली की टॉवर संपतो. फोन ना फिन (जोडणी संपवतोय हा निरोप) पाठवतो ना रीसेट (जोडणी तोडली हा निरोप). तुमच्या यंत्राच्या लेखी तो पाहणारा जिवंतच. प्रोग्रॅम सेकंदाला १०० वाक्यं त्याच्या नावाने ओततोय, म्हणजे ८ केबी. कर्नल पुन्हा पुन्हा पाठवून पाहतं, टीसीपी_रीट्राइज२ चं मूळ मूल्य १५, त्याचा किमान काळ ९२४.६ सेकंद. आठ हजार गुणिले ९२४ म्हणजे ७४ लाख बाइट. तुमच्या डब्ल्यूच्या रकान्यात नेमकं तेच आलंय. अशा एक्केचाळीस बोटी झाल्या की ३०० एमबी.

४जीवर फेरी-वेळ (पाकीट जाऊन पोच परत यायला लागणारा वेळ) जास्त, त्यामुळे ९२४ ही खालची मर्यादा. प्रत्यक्षात जोडणी त्याहून जास्त वेळ लोंबकळते आणि टीबी भरल्यावरच वाढ थांबते.

हापूसबाग

मग कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणं) लावा, मेलेल्या जोडण्या दोन मिनिटांत जातील.

पाटवर

हा समज सगळीकडे आहे आणि इथेच तो फसतो. पोच न आलेला डेटा रांगेत असेल तर कीपअलाइव्हची तपासणी होतच नाही, तोवर पुन्हा पाठवण्याचं घड्याळ चालतं. कीपअलाइव्ह गप्प बसलेल्या जोडणीसाठी. तुम्ही तर सेकंदाला शंभर वाक्यं ओतताय.

इथे हवा टीसीपी_यूजर_टाइमआउट. सॉकेटवर सेटसॉकऑप्टने लावायचा, मूल्य मिलिसेकंदात, उदाहरणार्थ ६००००. एवढा वेळ पाठवलेल्याची पोच आली नाही तर कर्नल जोडणी तोडतं, प्रोग्रॅमला ईटाइम्डआउट मिळतो. हिशेब मग असा: ८ केबी गुणिले ६०, म्हणजे जोडणीमागे ४८० केबी, चाळीस बोटींचे मिळून १९ एमबी.

प्रोग्रॅमला हात लावता येत नसेल तर टीसीपी_रीट्राइज२ ८ करा. आरएफसी ११२२ (टीसीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज) ला किमान १०० सेकंद हवेत आणि ८ मध्ये ते बसतात. पण तो बदल अख्ख्या यंत्राला लागू होतो. एसएसएचसुद्धा, डोंगरातल्या पावसात लाइन दोन मिनिटं गेली की तुटणार.

दीपस्तंभ

आणि ४ एमबीची ती मागणी काढूनच टाका. मुळात विचार करा, काय साठवतोय आपण? चालतं मोठं जहाज दर २ ते १० सेकंदांनी नवी जागा सांगतं, लहान क्लास बी वालं साधारण ३० सेकंदांनी. पंधरा मिनिटांपूर्वीची जागा कुणाला हवी? रांग भरली की जुनं टाकून नवं पाठवणं हेच या कामाला योग्य. सॉकेट नॉन-ब्लॉकिंग ठेवा, ईअगेन (आत्ता जागा नाही हे कर्नलचं उत्तर) आला की त्या पाहणाऱ्याची वाक्यं टाका. आयओसीटीएल एसआयओसीआउटक्यू ने रांगेतले बाइट विचारता येतात. ६४ केबीच्या वर गेले की थांबा. एसएसच्या सेंड-क्यू रकान्यात तोच आकडा असतो.

एसओ_सेंडबफ हाताने लावला की त्या सॉकेटची स्वयंचलित वाढ कायमची बंद होते, हेही लक्षात ठेवा. बहुतेक वेळा हा पर्याय न लावणं हेच उत्तर असतं.

कातळसडा

एक शंका. मागे एकदा प्रोग्रॅम पुन्हा चालू केला तरी मेमरी लगेच परत आली नव्हती. प्रोसेसच नाही, मग सॉकेट कुणाचं?

पाटवर

कुणाचंच नाही, म्हणून तर त्याला ऑर्फन म्हणतात. प्रोग्रॅम गेला तरी रांगेतला डेटा पोचवण्याची जबाबदारी कर्नलने घेतलेली असते. सॉकेट फिन-वेट-१ मध्ये जातं, मेमरी तशीच धरून. एसएसमध्ये स्टेट फिन-वेट-१ असा गाळणा लावा. दिसतील, पण -पी दिलं तरी प्रोसेसचं नाव येणार नाही. सॉकस्टॅटमधला ऑर्फन आकडा तोच.

घाई असेल तर एसएस -के (मोठा के) ने मारता येतात. कर्नलमध्ये आयनेट-डायग-डिस्ट्रॉय बांधलेलं हवं. गाळणा नीट लावा, नाहीतर स्वतःची एसएसएचच जाईल. प्रोग्रॅमच्या बाजूने करायचं तर मेलेल्या पाहणाऱ्याला बंद करताना एसओ_लिंगर शून्य सेकंदांचा लावा; फिनऐवजी रीसेट जातो आणि रांग तिथेच टाकली जाते.

सुरुबन

दुसऱ्या अडचणीबद्दल. यूडीपीचे एरर मेमरी संपल्यामुळे नाहीत, सॉकेटचा खण लहान म्हणून आहेत. आणि खण लहान का पडतो ते ट्रूसाइझ समजल्याशिवाय कळत नाही.

एआयएसचं वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं. पण कर्नल सॉकेटच्या खात्यावर ८२ टाकत नाही. ६४-बिट यंत्रावर एसके_बफ चे २५६ बाइट आणि डेटाचा खण, ज्याच्या शेवटी एसकेबी_शेअर्ड_इन्फोचे ३२० बाइट बसतात. डेटा आणि हे ३२० मिळून ५१२ च्या खणात. बेरीज ७६८. हा ट्रूसाइझ. ड्रायव्हर २ केबीचा अर्धा पान-तुकडा तसाच वर देत असेल तर २०४८ अधिक २५६, म्हणजे २३०४. ८२ बाइटांसाठी!

आरमेम_डिफॉल्ट २१२९९२. भागून पाहा: ७६८ ने २७७ वाक्यं, २३०४ ने फक्त ९२. प्रोग्रॅम अर्धा सेकंद दुसऱ्या कामात अडकला आणि तेवढ्यात वेंगुर्ल्याने साठवलेली ५००० वाक्यं एका दमात ओतली, की बाकीची गेली.

तुमचा ट्रूसाइझ मोजायचा असेल तर प्रोग्रॅम एसआयजीस्टॉपने थांबवा, बाहेरून मोजून १० वाक्यं पाठवा, एसएस -यू -ए -एन -एम मध्ये आर पाहा आणि दहाने भागा. लूपबॅकवरून पाठवू नका, खऱ्या कार्डावरूनच. ड्रायव्हरप्रमाणे आकडा बदलतो.

उपाय दोन. यूडीपी सॉकेटवर एसओ_रिसीव्हबफ वाढवा: ५००० गुणिले ७६८ म्हणजे ३८ लाख, २३०४ धरले तर सव्वा कोटीच्या जरा खाली. तुमचं आरमेम_मॅक्स आधीच ४ एमबी आहे, म्हणजे मागितलेत तर ८ एमबी मिळतील. (त्या नुस्ख्यातली एवढी एक ओळ कामाची निघाली.) नुसतं मॅक्स वाढवून काही होत नाही, प्रोग्रॅमने मागावं लागतं. डिफॉल्ट वाढवला तर टीसीपी सोडून यंत्रावरच्या प्रत्येक नव्या सॉकेटला लागतो, तो मोह टाळा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. पाठवणारं आणि घेणारं दोन्ही तुमचंच असेल तर एका पाकिटात १७ वाक्यं भरा. १७ गुणिले ८२ म्हणजे १३९४, एमटीयूत (एका पाकिटाच्या कमाल आकारात) बसतं. सुटी १७ पाठवली तर खात्यावर १३०५६ बाइट, एकत्र पाठवली तर २३०४ च्या आसपास.

खाडीपलीकडे

रिसीव्हरच्या जागी लहान राउटर असतील तर तिकडेही पाहा. मूळ कर्नलमध्ये एफक्यू_कोडेल या क्यूडिस्कची मेमरी मर्यादा ३२ एमबी आहे. ६४ एमबी रॅमच्या राउटरवर अर्धी रॅम झाली. ओपनडब्ल्यूआरटीने (राउटरवरच्या लिनक्सने) म्हणून ती ४ एमबीवर आणलीय. टीसी -एस क्यूडिस्क मध्ये मेमरी_यूज्ड आणि ड्रॉप_ओव्हरमेमरी दिसतं.

मांडवी_बीएसडी

लिनक्सवाल्यांनी चार फाइली उघडाव्यात, आम्ही बीएसडीवाले नेटस्टॅट -एम एवढंच लिहितो. एमबफ (नेटवर्कचे लहान बफर) २५६ बाइटचे, क्लस्टर २०४८ चे, मोठे ४०९६, ९२१६ आणि १६३८४ चे. प्रत्येकापुढे वापरात, कॅशमध्ये, एकूण आणि कमाल. खाली 'डिनाइड' किती वेळा ते. तो आकडा शून्याच्या वर गेला की कर्न.आयपीसी.एनएमबीक्लस्टर्स वाढवायचं.

पाटवर

मान्य. तरी डिनाइड दिसला म्हणून क्लस्टर वाढवले आणि गळती तशीच राहिली, हेही तिकडे रोज होतं.

रेवसवाली

गळतीवरून. कातळसडांचं प्रकरण गळतीचं नाही, कारण आठ वाजता आकडा उतरतो. पुढे कुणी हा धागा वाचेल त्याच्यासाठी फरक: सॉकस्टॅटचा मेम स्थिर आणि एसकेबफ_हेड_कॅश मात्र दिवसेंदिवस चढतच, तर बहुधा ड्रायव्हर किंवा एखादं मॉड्यूल पाकीट घेऊन सोडायला विसरतंय. बूटच्या ओळीत स्लब_डीबग=यू,एसकेबफ_हेड_कॅश द्या; मग डीबगएफएसमधल्या स्लॅब फोल्डरात अ‍ॅलॉक_ट्रेसेस फाइलीत कोणत्या फंक्शनने किती घेतले ते मोजून मिळतं. यंत्र हळू होतं, ग्राहकांच्या वेळेत लावू नका. स्लॅबबाहेरच्या पानांसाठी पेज_ओनर=ऑन, कर्नलमध्ये बांधलेलं असेल तर. आणि डीमेसगमध्ये 'पेज_पूल_रिलीज_रीट्राय, स्टॉल्ड पूल शटडाउन' अशी ओळ दर मिनिटाला येत असेल तर कार्डाची पानं कुणीतरी धरून ठेवलीत. इनफ्लाइट आकडा त्याच ओळीत असतो.

पाकिटं कुठे टाकली जातात ते पर्फने एसकेबी:केफ्री_एसकेबी या ट्रेसपॉइंटवर दिसतं. ५.१७ पासून त्यात कारणही येतं. सॉकेट-आरसीव्हीबफ म्हणजे सुरुबन म्हणतात तो लहान खण, प्रोटो-मेम म्हणजे यूडीपी_मेम किंवा टीसीपी_मेमची एकूण मर्यादा. दोघांचा इलाज वेगळा.

पाटवर

रोजच्या नजरेसाठी सॉकस्टॅटपेक्षा सीग्रुप (प्रोसेसांचा गट, त्याचा वापर कर्नल वेगळा मोजतं) बरा. प्रोग्रॅम सिस्टमडी सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तिच्या सीग्रुपमधल्या मेमरी.स्टॅट फाइलीत 'सॉक' ही ओळ पाहा. आकडा बाइटमध्ये, आणि फक्त त्या सर्व्हिसचा. ध्यानात ठेवा, हा आकडा मेमरीमॅक्सच्या मर्यादेतही मोजला जातो. आरएसएस पाहून कुणी घट्ट मर्यादा लावली असेल तर पहाटे सहाला प्रोग्रॅम ओओएमने (मेमरी संपली म्हणून कर्नलकडून) मरेल, आणि आरएसएस तर निम्मीच दिसेल.

वेंगुर्ल्याचो

धागाकर्त्याक एकच सांगतंय: बदल एकेक करून बघा. सगळे एकदम केलास तर कित्यान फरक पडलो ता कळाचा नाय.

कातळसडा

एकेकच केले. आधी फक्त टीसीपी_यूजर_टाइमआउट ६००००: दुसऱ्या दिवशी पहाटेचा सर्वाधिक मेम ७१००, म्हणजे २८ एमबी. नंतर एसओ_सेंडबफची मागणी काढली: आता टीबी प्रत्येक जोडणीचं वेगळं, बहुतेक लाखाखाली, मेम ३९०० च्या वर गेलेला नाही. डब्ल्यूमेम_मॅक्स मूळ २१२९९२ वर नेलं, फरक शून्य, अपेक्षितच.

ट्रूसाइझ इथल्या कार्डावर ७६८ निघाला. रिसीव्हबफ ४ एमबी मागितला. वेंगुर्ल्याची लाइन काल दोनदा गेली. डी तिथेच अडकलेलं आहे, वाढलं नाही. १७ वाक्यांचं पाकीट चारही ठिकाणी पाठवणारा प्रोग्रॅम बदलल्यावर.

सुरुबन

१७ भरताना वेळेची मर्यादाही ठेवा, १०० मिलिसेकंद पुष्कळ. नाहीतर रात्री रहदारी कमी असताना सतरावं वाक्य यायची वाट पाहत पहिलं तिथेच पडून राहील.